गिरडची टेकडी पाहा, मग आपल्या वावराची खोली मोजा



अभ्यास दौरा म्हटला की गाडी निघते जळगावला, नाहीतर बारामतीला. ठिबक पाहतो, टिश्यूकल्चरची केळी पाहतो, फोटो काढतो, घरी येतो. ते पाहणं वाईट नाही. पण ज्याच्याकडं पाणी नाही, ज्याचं सगळं वरच्या पावसावर आहे, त्याच्या उपयोगाचं त्यात किती? माझं मत स्पष्ट आहे. आपल्या भागातल्या कोरडवाहू कास्तकारानं आधी एक दिवस गिरडला जावं. स्वतःच्या दुचाकीनं. गाईड नको, पत्रिका नको, पेट्रोल आणि शिदोरी पुरे.

जामवरून समुद्रपूर, पुढं गिरड. टेकडीवर बाबा फरीदांचा दर्गा आहे. हिंदू-मुसलमान दोघंही नवस घेऊन येतात. १८७० च्या मध्य प्रांत गॅझेटियरमध्ये लिहिलं आहे, की हे फकीर तीस वर्षं फिरून १२४४ च्या सुमारास इथं स्थिरावले. टेकडीवर गोल-गोल दगड सापडतात, त्यांची कथा सगळ्यांना माहीत आहे. व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली, आणि त्यांचे नारळ, सगळा माल दगड होऊन गेला.

कथेचा मान ठेवून दगडाची दुसरी बाजूही पाहा. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हा पसरला. थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. नंतर त्या पोकळ्यांत क्षारयुक्त पाण्यातून खनिजं साचली. त्यांना झिओलाइट म्हणतात. भोवतालचा काळा दगड कुजून माती झाला, आतले गोळे उरले. म्हणजे आपण ज्या काळ्या मातीत पऱ्हाटी लावतो तिची आई हीच टेकडी. (दगड खिशात घालून आणू नका. श्रद्धेची जागा आहे, आणि दोन गोळे वावरात टाकून नत्र धरून राहत नाही.)

खरा अभ्यास उतरताना आहे. माथ्यावर मुरूम आणि खुरटं गवत. उतारावर वीतभर माती. खाली सपाटीला भेगाळणारी काळी. आपल्या म्हाताऱ्यांकडं याला नावं होती: बरडी, खरडी, मोरंड, काळी. इंग्रजांच्या बंदोबस्तात पण जमीन याच नावांनी लिहिली गेली. त्या नावात खोली होती, रंग होता, पाणी धरायची ताकद होती. बरडीत कोणी पऱ्हाटी लावली तर गाव हसायचं.

आज आपण काय करतो? पाच एकराच्या एकाच वावरात वरचं टोक खरडी आणि खालचं काळी, तरी बियाणं एक, अंतर एक, खताची पोती एक. २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिका आली, तिच्यात १२ घटक आहेत. सामू आहे, सेंद्रिय कर्ब आहे, जस्त-बोरॉन आहे. मातीची खोली नाही! कृषी मित्रांनो, माझं म्हणणं तुम्हालाही आहे. आमच्याकडं पहिला प्रश्न खोलीचा आहे, बोरॉन नंतर.

हिशेब करून पाहा. चांगली काळी चिकण माती एक मीटर खोलीत पिकाला उपयोगी असं साधारण १५० ते २०० मिलिमीटर पाणी धरते. माती २५ सेंटिमीटरच असेल तर ते पाणी ४०-५० मिलिमीटरवर येतं. मुरूम मिसळलेला असेल तर आणखी कमी. शेंगा भरताना सोयाबीन दिवसाला ४-५ मिलिमीटर पाणी उचलतं. म्हणजे वरच्या टोकाला दहा दिवस. भादव्यात पाऊस तीन आठवडे रुसला की वरचं वावर करपतं, खालचं तग धरतं. मग आपण म्हणतो बियाणं बोगस निघालं. काही वेळा निघतं पण बोगस. दरवेळी नाही.

म्हणून वरच्या पट्ट्यात लवकर येणारं पीक घ्या: मूग, उडीद, कमी दिवसांचं सोयाबीन. कापूसच लावायचा असेल तर कमी मुदतीचं वाण दाट लावा. हलक्या जमिनीसाठी नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनं हीच सघन पद्धत सुचवलेली आहे. तास उताराला आडवे. अगदीच बरड असेल तर गवत राहू द्या, गुरांना लागतंच. लांब मुदतीची पऱ्हाटी आणि तूर खालच्या काळीत.

जायचं कधी? सोयाबीन निघाल्यावर, नाहीतर उन्हाळवाहीनंतर. तेव्हा जमीन उघडी असते, रंग दिसतो. सकाळी चढा, ऊन व्हायच्या आत उतरा. नाल्याची कड, बांधकाम नसलेली विहीर, रस्त्यासाठी कापलेला उतार पाहा. मातीचे थर तिथं उघडे असतात. दुसऱ्याच्या धुऱ्यावर विचारल्याशिवाय पाय ठेवू नका. टेकडीवर प्लास्टिक टाकू नका. उमरेड-कऱ्हांडल्याचं जंगल लांब नाही, वाघाचा भाग आहे, दिवेलागणीच्या आत निघा.

दुसऱ्या दिवशी सब्बल घेऊन आपल्या वावरात तीन खड्डे करा. वर, मधात, खाली. मुरूम लागेपर्यंत किती इंच माती आहे ते वहीत लिहा. बियाण्याच्या दुकानात जाताना ती वही सोबत न्या.