साडेनऊशे वर्षांपूर्वीचा ताम्रपट वाचता येतो, मग विकत घेतलेलं ई-बुक गायब कसं होतं?

दिवेआगर म्हटलं की समुद्र, सुपारीच्या वाड्या आणि सुवर्ण गणेश आठवतो. मराठीच्या अभ्यासकांना मात्र आधी आठवतो तो इथला ताम्रपट. शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०. मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांपैकी हा एक. तेव्हा या भागात शिलाहारांची सत्ता होती. सत्ता गेली, पण तांब्यावर कोरलेली अक्षरं वाचायला कुणाला शिलाहारांची परवानगी काढावी लागली नाही. लिपी येत असली की झालं.

आता मोबाइलमधलं ई-बुक घ्या. पैसे तुम्ही मोजले, पण फाइलला कुलूप आहे आणि किल्ली कंपनीकडे. या कुलपाला डीआरएम म्हणतात. फाइल कोणत्या उपकरणावर उघडेल, किती दिवस उघडेल, कॉपी होईल की नाही, हे ते ठरवतं. ओटीटीवर 'डाउनलोड' केलेला सिनेमा काही दिवसांनी उघडेनासा होतो, तो यामुळेच.

हे खरंच घडलंय

जुलै २००९ मध्ये अॅमेझॉनने ग्राहकांच्या किंडलमधून विकलेली पुस्तकं परस्पर पुसली. विक्रेत्याकडे हक्क नव्हते, हे कारण. पैसे परत केले, नंतर माफीही मागितली. पुसलेलं पुस्तक होतं जॉर्ज ऑर्वेलचं '१९८४', म्हणजे नागरिकांवर सतत नजर ठेवणाऱ्या सत्तेची गोष्ट. योगायोगालाही काही मर्यादा असावी!

२०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ई-बुकचं दुकानच बंद केलं. पैसे परत मिळाले, पुस्तकं गेली. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये किंडलची पुस्तकं कॉम्प्युटरवर उतरवून यूएसबीने हलवायची सोय अॅमेझॉनने काढून टाकली. किंडलवर मराठी पुस्तकं २०१६ च्या डिसेंबरपासून मिळतात, त्यामुळे हा प्रश्न फक्त इंग्रजी वाचणाऱ्यांचा नाही.

याविरुद्ध २००६ पासून 'डिफेक्टिव्ह बाय डिझाइन' ही मोहीम चालू आहे. ती चालवते फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन, रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ मध्ये सुरू केलेली संस्था. त्यांचं म्हणणं असं की सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला ते तपासता, बदलता आणि दुसऱ्याला देता आलं पाहिजे. इंग्रजीतल्या 'फ्री'चा अर्थ फुकट की मोकळं, हे त्यांना चाळीस वर्षं समजावून सांगावं लागतंय. मराठीत ही अडचण नाही. फुकट वेगळं, मुक्त वेगळं.

मराठीने हे आधीच भोगलंय

नव्वदच्या दशकातलं डीटीपी सेंटर आठवा. मराठी सॉफ्टवेअरसोबत अनेकदा एक डोंगल यायचं. ते कॉम्प्युटरला लावल्याशिवाय प्रोग्राम चालायचा नाही. त्यात प्रत्येक कंपनीच्या फाँटची मांडणी वेगळी. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असायचे, त्यामुळे तोच फाँट नसेल तर आख्खी कादंबरी इंग्रजी अक्षरांचा कचरा होऊन समोर यायची. लेखकाच्या पेटीतलं हस्तलिखित वाचता यायचं, पण त्याच पुस्तकाची सीडी नाही.

यातून सुटका झाली ती युनिकोडमुळे. तो कोणत्याही एका कंपनीचा नाही, सगळ्यांनी वापरायचा खुला नियम आहे. त्यावर रेड हॅटचा 'लोहित', मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्त' असे मुक्त परवान्याचे फाँट आले. आज व्हॉट्सअॅपवर टाकलेलं मराठी समोरच्याच्या फोनवर जसंच्या तसं दिसतं, त्यामागे हे सगळं आहे.

मग प्रकाशकांनी काय करायचं?

त्यांची भीती खोटी नाही. मराठी पुस्तकांच्या पीडीएफ टेलिग्रामवर बिनदिक्कत फिरतात आणि आधीच छोट्या आवृत्त्या काढणाऱ्या प्रकाशकाचं नुकसान होतं. पण त्यातल्या कित्येक फाइल्स कागदी पुस्तक स्कॅन करून बनवलेल्या असतात. तिथे डीआरएम काहीच अडवत नाही. अडतो तो पैसे भरून ई-बुक घेणारा. कुलूप लावायचं की नाही हे किंडलवर पुस्तक टाकतानाच ठरवता येतं, त्यामुळे 'कंपनीच तसं करते' ही सबबही पूर्ण खरी नाही.

कुलूप तोडलं तर गुन्हा?

कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये कलम ६५-अ आलं. हक्कभंगाच्या उद्देशाने असं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. म्हणजे मुद्दा उद्देशाचा आहे. कायद्याने मनाई नसलेल्या कामासाठी कुलूप काढलं, तर हे कलम आड येत नाही. उदाहरणार्थ, दृष्टिहीन व्यक्तीला ऐकता येईल अशी प्रत करणं. त्यासाठी कायद्यात वेगळी सवलतही आहे.

पण याच कलमात एक अट आहे, जिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. अशा कामासाठी दुसऱ्याला कुलूप काढायला मदत केली, तर मदत करणाऱ्याने त्या माणसाचं नाव, पत्ता आणि कशासाठी मदत केली याची पूर्ण नोंद ठेवायची. गावातल्या ग्रंथपालाने एखाद्या दृष्टिहीन वाचकाला त्याचं स्वतःचंच ई-बुक उघडून दिलं, तरी ही नोंद करावी लागेल.