घड्याळ आणि बेड्या

अमेरिकेंत टेक्सस राज्यांतील अर्व्हिंग येथें एका चौदा वर्षांच्या विद्यार्थ्यानें ता. १४ सप्टेंबर २०१५ रोजीं घरीं जुळविलेलें विजेचें घड्याळ शिक्षकांस दाखविण्याकरितां शाळेंत नेलें. वर्गांत तें वाजलें. शिक्षिकेस शंका आली. पोलीस आले आणि 'बाँबचें सोंग' केल्याच्या संशयावरून मुलाच्या हातीं बेड्या पडल्या. मुलगा सुदानी मुसलमान कुटुंबांतला. त्यामुळें वाद जगभर गाजला. अध्यक्ष ओबामा यांनीं त्यास व्हाइट हाउसमध्यें बोलाविलें. उलट कित्येक म्हणाले, त्यानें बाजारांतील घड्याळाचें यंत्र नव्या पेटींत बसविलें एवढेंच. तें खरें मानलें, तरी तेवढ्यानें मूल गुन्हेगार ठरतें काय?

आम्हांस खटकतें तें निराळेंच. बाँबची खरी भीति असती, तर शाळा तत्काळ रिकामी झाली असती. ती झाली नाहीं. म्हणजे भय पेटीचें नव्हतें. अविश्वास मुलाचा होता. 'हें घड्याळ आहे,' असें तो सांगत होता. तें कोणास पुरेसें वाटलें नाहीं. पुढें खटला भरला गेला नाहीं. पण त्याच वर्षीं तें कुटुंब कतारला निघून गेलें.

आपले चिरंजीव भिंतीवरील घड्याळ खोलून बसले, तर आपण आधीं कान धरतों, कीं शेजारीं बसून विचारतों? वाचकांनीं आपल्या मनाशीं उत्तर द्यावें.