अर्थसंकल्प : पहिला घास कोणाचा?

मुंबई-पुण्यातील एखाद्या कार्यालयात काम करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या पगारपत्रकावर भविष्यनिर्वाह निधी, आयकर अशा मोठ्या वजावटींबरोबर एक लहानशी नोंद असते. ती असते व्यवसाय कराची. दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, अशी वर्षाला २५०० रुपयांची ही वजावट. याहून अधिक व्यवसाय कर कोणत्याही राज्याला घेता येत नाही, अशी मर्यादा संविधानानेच घातली आहे. रक्कम लहान असल्यामुळे ती का कापली जाते, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. परंतु महाराष्ट्रात १९७५ साली हा कर बसवला गेला, तो एका निश्चित हेतूने. शहरातील मिळकतीचा एक अंश दुष्काळी गावातील रिकाम्या हातांना काम देण्यासाठी खर्च व्हावा, हा तो हेतू होता. राज्याचा अर्थसंकल्प म्हणजे केवळ आकड्यांची जुळवाजुळव नव्हे, हे या एका नोंदीवरून ध्यानात येते.

संविधानाच्या २०२ व्या अनुच्छेदानुसार प्रत्येक राज्याला येत्या वर्षाच्या जमाखर्चाचा अंदाज विधिमंडळापुढे ठेवावा लागतो. यालाच आपण अर्थसंकल्प म्हणतो. त्याची तयारी मात्र कित्येक महिने आधी सुरू होते. प्रत्येक कार्यालय आपली गरज वरिष्ठांना कळवते, विभाग त्या गरजा एकत्र करतात, वित्त विभाग त्यांना कात्री लावतो आणि अखेरीस मंत्रिमंडळ त्यावर निर्णय घेते. मग विभागवार मागण्या विधानसभेपुढे येतात. सभागृह मागणी मान्य करू शकते, नाकारू शकते किंवा तिच्यात कपात करू शकते. ती वाढवण्याचा अधिकार मात्र त्याला नाही. शेवटी विनियोजन विधेयक संमत झाल्यावरच तिजोरीतून पैसा काढता येतो.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे घरच्या खर्चाबाबत म्हटले जाते. राज्याला अंथरूण थोडेफार वाढवताही येते, कारण कर बसवण्याचा अधिकार त्याच्याकडे असतो. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर हा अधिकार बराच आकसला. मुद्रांक शुल्क, मद्यावरील उत्पादन शुल्क, पेट्रोल-डिझेलवरील विक्रीकर, वाहन कर अशी मोजकीच साधने राज्यांच्या स्वतःच्या हाती उरली. दुसरीकडे, खर्चाचा मोठा भाग आधीच ठरलेला असतो. वेतन, निवृत्तिवेतन आणि कर्जावरील व्याज हे टाळता येत नाहीत. व्याज तर मतदानाशिवायच द्यावे लागते. म्हणजे नव्याने ठरवण्याजोगा भाग तुलनेने लहानच राहतो. तो कोणाच्या वाट्याला जावा, हाच अर्थसंकल्पातील खरा प्रश्न आहे.

मूल रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, अशी म्हण आहे. तिजोरीच्या बाबतीत तर ती अधिकच खरी ठरते. संघटित वर्गाचा आवाज मंत्रालयापर्यंत पोहोचतो. भूमिहीन मजूर, स्थलांतर करणारा ऊसतोड कामगार किंवा पाड्यावरची गरोदर स्त्री यांचा आवाज तेवढ्या सहजतेने पोहोचत नाही. शिवाय छापलेली तरतूद म्हणजे झालेला खर्च नव्हे. वर्षाच्या मध्यात उत्पन्न घटले, की तरतुदींना कात्री लागते. कोरोनाच्या साथीत, मे २०२० मध्ये, महाराष्ट्र शासनाने विकासकामांवरील तरतुदीच्या ३३ टक्केच रक्कम खर्च करण्याचे ठरवले आणि आरोग्य, अन्नपुरवठा, मदत व पुनर्वसन यांना अग्रक्रम दिला. त्या संकटात हा निर्णय अपरिहार्य होता. परंतु त्यातून एक गोष्ट उघड झाली. राज्याचा खरा अग्रक्रम मार्च महिन्यातील भाषणात कळत नाही. पैसा कमी पडल्यावर कोणाचा घास राखला जातो, यावरून तो कळतो.

असा घास राखून ठेवण्याचा मार्ग महाराष्ट्रानेच एकदा दाखवला होता. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात १९६५ साली रोजगार हमीचा प्रयोग झाला. पुढे १९७२ च्या भीषण दुष्काळात लोक रस्त्यांच्या, तलावांच्या आणि बांधबंदिस्तीच्या कामांवर गेले. मे १९७३ मध्ये ही संख्या सुमारे ५० लाखांवर पोहोचली होती. दुष्काळ सरल्यावर ती कामे बंद करून विषय मिटवता आला असता. तसे झाले नाही. १९७७ साली रोजगार हमी कायदा संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. ग्रामीण भागातील प्रौढ व्यक्तीने अंगमेहनतीचे काम मागितले, तर पंधरा दिवसांत ते देणे शासनाला बंधनकारक झाले. काम देता आले नाही, तर बेकारी भत्ता देण्याची तरतूद झाली. यासाठी स्वतंत्र निधी उभारला गेला. व्यवसाय करासारख्या ठरावीक करांचे उत्पन्न आणि तेवढीच रक्कम शासनाकडून, अशी त्याची रचना होती. २००५ साली संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा त्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव उभा होता.

या रचनेवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. प्रत्येक चांगल्या कामासाठी असा निधी बांधून ठेवला, तर पूर किंवा साथ आल्यावर शासनाने काय करावे? तिजोरीचे हात मोकळे असले पाहिजेत, हे अर्थखात्याचे म्हणणे चुकीचे नाही. म्हणून सर्वच खर्च बांधून ठेवणे शहाणपणाचे ठरणार नाही. परंतु ज्यांच्याकडे साठवलेले काहीच नाही, त्यांचा हक्क तरी शिल्लक पैशावर सोडता कामा नये. रस्त्याचे काम एक वर्ष पुढे ढकलता येते. चूल एक दिवसही पुढे ढकलता येत नाही.

कायदा केला म्हणजे काम संपले, असेही नाही. पुढील काळात रोजगार हमीच्या नावाने जमा झालेला कर आणि त्या योजनेवर प्रत्यक्ष झालेला खर्च यांत मोठे अंतर पडू लागले. मजुराने काम मागितलेच नाही, तर पैसा पडून राहतो; आणि पडून राहिलेल्या पैशाला दुसऱ्या वाटा फुटायला वेळ लागत नाही. हक्क कागदावर असणे आणि तो मागणारा माणूस दारात उभा असणे, या दोन्ही गोष्टी लागतात.

यासाठी अर्थशास्त्राची पदवी आवश्यक नाही. राज्यांचे अर्थसंकल्प आज मराठीसह त्या त्या राज्यभाषांत संगणकावर पाहता येतात. ग्रामसभेत खर्चाचा हिशेब विचारता येतो. नियंत्रक व महालेखापरीक्षक यांचे अहवाल विधिमंडळापुढे येतात आणि सर्वांना वाचता येतात. इंदूर, हैदराबाद किंवा बंगळूर येथे राहणाऱ्या मराठी माणसालाही आपल्या राज्याबाबत हेच करता येईल. तिथल्या पगारदारांकडूनही व्यवसाय कर घेतला जातोच. तीन साधे प्रश्न पुरेसे आहेत. गेल्या वर्षी या कामासाठी किती रक्कम ठेवली होती? त्यांपैकी प्रत्यक्षात किती खर्च झाली? आणि कपात झाली, ती प्रथम कोणाच्या वाट्यातून झाली?

पंक्तीत पहिला घास कोणाला वाढला जातो, यावरून घराची रीत कळते. राज्याची रीतही तशीच कळते. ज्याच्या पगारातून दोनशे रुपये कापले जातात, त्याने त्या पैशाची वाट विचारावी; ज्याच्यासाठी ते कापले गेले, त्याने आपले काम मागावे. हे दोघे विचारू लागले, म्हणजे अर्थसंकल्प मंत्रालयाचा न राहता जनतेचा होईल.