कुलूप उलटं लागलंय

मेहकरात मी टायपिंगची आणि फॉर्म भरण्याची कामं करते. मोहल्ल्यातल्या कमिट्यांच्या एक्सेल फाइली माझ्याकडे येतात. रमजानच्या आधी एका कमिटीच्या दोन फाइली एकाच दिवशी आल्या. पहिली वर्षाच्या जमाखर्चाची. ती पासवर्डशिवाय उघडेना. पासवर्ड फक्त खजिनदारांना माहीत, आणि ते मुलाकडे पुण्याला गेलेले, फोन उचलत नव्हते. दुसरी मदत घेणाऱ्या विधवांची यादी. नाव, जन्मसाल, मोबाइल, आधार, बँक खातं. तिला काहीच कुलूप नव्हतं. व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरून ती माझ्यापर्यंत आली होती. पंचविसाव्या ओळीत माझ्या खालाचं नाव होतं. तिने ही मदत सख्ख्या बहिणीपासूनही लपवली होती.

जे लोकांनी बघायला हवं ते बंद, आणि जे झाकायला हवं ते उघडं! याला निष्काळजीपणा म्हणून सोडून द्यायला मी तयार नाही. हिशेब मागितला की ज्यांना राग येतो, त्यांना गरिबाची इज्जत चव्हाट्यावर आल्याचा राग का येत नाही?

‘नुसत्या नावाने काय होतं’, असं मला सांगण्यात आलं. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड काय असतो? नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्मसाल. म्हणजे ती पीडीएफ ज्याच्या हाती लागेल, त्याला किल्ली आपल्याच यादीत सापडते. खरं तर यादीत पूर्ण आधार क्रमांक लिहायचं कारणच नाही. मास्क्ड आधारमध्ये शेवटचे चारच आकडे दिसतात, ओळख पटवायला ते पुरतात.

मी ओरडले तेव्हा एका भाईंनी यादीला ‘प्रोटेक्ट शीट’ केलं, आधारचा कॉलम ‘हाइड’ केला आणि काम झालं म्हणाले. शीटचं हे कुलूप चुकून आकडे बदलू नयेत एवढ्यासाठी असतं. एक्सएलएसएक्स फाइल आतून झिपच असते. जाणकार पोरगा ते कुलूप पाच मिनिटांत काढतो. खरं कुलूप ‘फाइल’, ‘इन्फो’, ‘प्रोटेक्ट वर्कबुक’मधल्या ‘एन्क्रिप्ट विथ पासवर्ड’चं. ते इतकं पक्कं की पासवर्ड हरवला तर मायक्रोसॉफ्टही परत देऊ शकत नाही.

म्हणूनच तो एकाच माणसाच्या डोक्यात असणं धोक्याचं. उद्या त्यांना काही झालं तर? ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ हा प्रश्न मला दरवेळी विचारतात. विश्वास आहे, पण पैसा अमानत आहे, आणि 1950 चा महाराष्ट्राचा सार्वजनिक विश्वस्त कायदा ट्रस्टला हिशेब ठेवायला आणि तपासून घ्यायला सांगतो. त्यात खजिनदाराच्या स्मरणशक्तीवर विसंबण्याची सोय नाही.

माझी मागणी साधी आहे. जमाखर्च पीडीएफ करून नोटीस बोर्डावर लावा. यादी एन्क्रिप्ट करा, पासवर्ड लांब ठेवा, 1234 किंवा मशिदीचं नाव नको. तो तिघांना माहीत असू द्या, त्यांत एक बाई असू द्या, आणि एक प्रत बंद पाकिटात कपाटात ठेवा. फाइल ज्या ग्रुपवर टाकाल त्याच ग्रुपवर पासवर्ड टाकू नका. (हेही घडलंय.) पदाधिकारी बदलला की पासवर्ड बदला, आणि जुन्या प्रती पुसा.

हे मी बैठकीत बोलले. ‘बघू’ म्हणाले. जमाखर्चाची फाइल अजून बंद आहे. खालाच्या नावाची यादी काल आणखी एका ग्रुपवरून मला आली.