गाडी ‘टक्’ करते, पण सुरू होत नाही!

टोमॅटोचे क्रेट भरून पहाटे निघावे आणि पिकअपने नुसते ‘टक्’ करावे! अशा वेळी लगेच स्टार्टर खोलू नये. हेडलाइट लावून किल्ली फिरवावी. दिवे मंदावले, तर बहुधा बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल सैल असते. पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावा; बॅटरीची बुचे घट्ट असावीत. गाडी बंद करून आधी ऋण तार काढावी, जोडताना ती शेवटी जोडावी. अर्थिंगची तारही आवळावी. बॅटरीजवळ विडी-काडी पेटवू नये. तिच्यातला वायू भडकतो. दिवे लख्ख राहूनही ‘टक्’च होत असेल, तर दोष स्टार्टरचा किंवा सोलेनॉइडचा, मिस्त्री गाठावा. ही तपासणी आदल्या संध्याकाळीच करावी, म्हणजे माल वेळेवर लिलावाला लागेल.