मालिशवाल्या मावशींचा दर

बाळंतपणानंतर माझ्या अंगाला मालिशचा हात लागला तो थेट बँकॉकमध्ये. पारोळ्याला माहेरी सव्वा महिना एक आजी रोज सकाळी यायच्या. तिळाचं कोमट तेल, कढत पाणी आणि ओवा टाकलेल्या शेगडीची धुरी. तेव्हा जन्मलेल्या मुलाचे केस आता पिकलेत. मधल्या काळात शाळेत उभं राहून माझे गुडघे गेले. पण पैसे मोजून अंग चोळून घेणं म्हणजे नसते थेर, असंच आम्ही धरून चाललो.

मुलाने वाट फोच्या देवळात नेलं. 46 मीटर लांबीचा निजलेला बुद्ध तिथलाच. देवळाचीच मालिशची शाळा आहे, 1955 पासूनची. तेल नाही, अंगावर सैल सुती कपडे, जमिनीवर गादी. माझ्या नातीएवढ्या मुलीने आधी हात जोडले आणि पायापासून सुरुवात केली. अंगठा, तळहात, मग चक्क कोपर! मांडीतली एक जागा अशी दाबली की ‘माय वं!’ निघालंच तोंडातून. तिने जोर कमी केला, पण जागा सोडली नाही. उठले तेव्हा जिना जरा सरळ उतरले. गुडघा बरा झाला असं मात्र कुणी समजू नये.

तिथली परंपरा गुरू मानते बुद्धकाळातल्या जीवक वैद्याला. म्हणजे मगधातल्या, आपल्याकडच्या. त्यावरून आपण छाती फुगवण्यात अर्थ नाही, कारण पुढचं काम त्यांनी केलं. तिथल्या तिसऱ्या राम राजाने 1830 च्या दशकात शरीरातल्या नाड्यांच्या आकृत्या याच देवळात दगडावर कोरून घेतल्या. तिथल्या 2016 च्या कायद्याने मालिश करणाऱ्याला मान्य अभ्यासक्रम आणि नोंदणी सक्तीची झाली. 2019 मध्ये युनेस्कोने ही विद्या मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. माझे पाय दाबणारी मुलगी प्रमाणपत्रवाली होती आणि तिचा दर दाराशी लिहिलेला होता.

आमच्या त्या आजींना काय मिळालं? एक साडी, थोडं धान्य, बारशाचं जेवण. आजही जळगाव-धुळ्यात बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणाऱ्या मावशी चार घरं फिरतात, आणि कामाचे पैसे मागताना त्यांनाच ओशाळल्यासारखं होतं. शहरात ‘मसाज’ची पाटी दिसली तर लोक नजर चोरतात, ते वेगळंच.

परंपरेला सरकारी कागद कशाला, असं कुणी म्हणेल. बाळाच्या नाकाकानात तेल सोडणं, हातपाय ओढणं हेही परंपरेतच चालतं आणि डॉक्टर त्याला नको म्हणतात. शिक्षण हवं ते यासाठी. शिवाय बाळंतीण सोडून बाकीच्यांच्या अंगाचं काय? रावेरकडे केळीचे घड खांद्यावर वाहणारा गडी, दिवसभर वाकून कापूस वेचणारी बाई, यांची कंबर दुखली की गोळी खायची नि पुन्हा कामाला लागायचं.

जळगाव-धुळ्याच्या दोन्ही जिल्हा परिषदांनी या मावशींसाठी प्रसूतितज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञांकडून वर्ग घ्यावेत, ओळखपत्र द्यावं. तोवर तुमच्या घरी मावशी येत असतील तर साडीचोळीवर भागवू नका. महिन्याचा दर पहिल्याच दिवशी ठरवा आणि रोख द्या.