कडू फुलाची गोष्ट

पाडव्याला सकाळी आपल्याकडे कडुनिंबाची पानं, गूळ, जिरं, हिंग वाटून केलेली गोळी हातावर ठेवतात आणि आपण डोळे मिटून ती गिळतो. मीही गिळायचे. पण कडुनिंबाचं फूल चवीनं खायचं असतं, हे मला चेन्नईत मायलापूरला राहायला गेल्यावर आमच्या घरमालकीण मामींनी शिकवलं.

तमिळ नववर्ष साधारण १४ एप्रिलला येतं. त्याआधी कडुनिंब फुलतो. मामी झाडाखाली जुनी सुती साडी अंथरायच्या, रात्रभर पडलेली फुलं सकाळी गोळा करायच्या, काड्या निवडून कडक वाळवायच्या. नववर्षाच्या 'मांगा पच्चडी'त कैरी, गूळ, मीठ, मिरची, आणि वरून तुपात काळपट होईस्तोवर परतलेली ही फुलं. येणारं वर्ष सगळ्या चवींचं असणार, हे जिभेला आधीच सांगून ठेवायचं. उरलेली फुलं बरणीत, वर्षभर रसमला. केळफुलाचे वडे, हादग्याच्या फुलांची भाजी हेही त्यांच्याच हातचं. हादग्याची भाजी माझी आजीही करायची. मी मात्र ती कधी शिकून घेतली नव्हती.

बऱ्याच वर्षांनी नववर्षालाच मामींकडे गेले. झाडाच्या जागी पार्किंग. पच्चडी गोडच होती. नातवंडं कडू खात नाहीत, मामी म्हणाल्या. मीही निमूट खाल्ली.

वाळवलेली फुलं दुकानात पाकिटात मिळतात हो. त्यामुळे फूल नाहीसं झालंय असं नाही. आपण त्याला ताटातून उठवलंय. सणाच्या पानातून पायसम कधी गळत नाही, गळतं ते कडूच. मग हळहळ वाटून आपण त्या फुलाचे औषधी गुण सांगत बसतो. मला हे पटत नाही. औषध म्हटलं की माणूस दुखणं येईपर्यंत थांबतो. ही फुलं चव म्हणूनच टिकायला हवीत, आणि चव लहानपणीच लागते. मुलांना आवडत नाही म्हणून गाळलेला पदार्थ त्यांना मोठेपणी कुठून आठवणार?

यंदा सोसायटीतल्या कडुनिंबाखाली मी जुनी चादर अंथरली. वॉचमनकाकांनी विचारलं, "ताई, काही हरवलंय का?"

पच्चडी केली. फुलं जरा जास्तच करपली. लेकीनं तोंड वाकडं केलं, पण एक चमचा खाल्ला. पुढच्या वर्षी दोन खाईल. बघू.